जुनी गाडी, नवे पेट्रोल आणि खरे माप

भाव विचारण्याआधी माप विचारावे, ही व्यापारी घरातील पहिली शिकवण. ओल्या मालाचा आणि सुक्या मालाचा भाव एक नसतो. पोत्यामागे तूट किती, डब्यात निव्वळ वजन किती, हे पाहिल्याशिवाय कोणतीही जुनी पेढी सौदा पक्का करीत नाही. परंतु हीच मंडळी पेट्रोल पंपावर गेली की केवळ फलकावरील आकडा पाहतात आणि टाकी भरून निघतात. गेल्या काही वर्षांत लिटरचे माप तेच राहिले असले, तरी त्या लिटरातील माल बदलला आहे. ज्या घरात दहा, पंधरा किंवा वीस वर्षांची गाडी आहे, त्या घराने हा बदल समजून घेणे अगत्याचे आहे. त्याविषयी पुरेशी माहिती नसल्यामुळे कोणी चांगली गाडी मातीमोल भावाने विकतो, कोणी महागड्या पेट्रोलवर व्यर्थ खर्च करतो, तर कोणी झिजलेली रबरी नळी वेळेवर न बदलता मोठ्या धोक्याला आमंत्रण देतो.

हा बदल एका रात्रीत झालेला नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले आणि त्यांतील दोन ठिकाणे महाराष्ट्रातीलच होती: मिरज आणि मनमाड. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाची योजना सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे ती रखडत चालली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत २० टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५-२६ वर अलीकडे आणण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पेट्रोलची विक्री निवडक पंपांवर सुरू झाली, आणि २०२५ उजाडेपर्यंत तेच सर्वसाधारण पेट्रोल झाले. ई-२० याचा अर्थ इतकाच की शंभर भागांत वीस भाग इथेनॉल.

इथेनॉल हे उसाच्या मळीपासून, उसाच्या रसापासून, मका आणि तांदूळ यांसारख्या धान्यापासून आंबवून व ऊर्ध्वपातन करून बनवतात. इंधनासाठी वापरावयाच्या इथेनॉलमधील पाणी जवळजवळ पूर्णपणे काढून टाकलेले असते. या द्रव्याचे तीन गुणधर्म ध्यानात ठेवले, की जुन्या गाडीचे सारे प्रश्न आपोआप उलगडतात.

पहिला गुणधर्म उष्णतेचा. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल असलेल्या लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण साडेसहा टक्के ऊर्जा कमी भरते. गाडीचे इंजिन कितीही उत्तम असले तरी जी ऊर्जा टाकीत आलीच नाही, ती चाकांपर्यंत पोहोचणार नाही.

दुसरा गुणधर्म ऑक्टेनचा. इंधन दाबाखाली अवेळी पेटून इंजिनात ठोके बसू नयेत, ही जी त्याची सहनशक्ती, तिचे माप म्हणजे ऑक्टेन. पूर्वी हे काम पेट्रोलमधील शिसे करीत असे. आरोग्याला घातक म्हणून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाली. आता ते काम मोठ्या प्रमाणात इथेनॉल करते, कारण त्याचे ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. भारत स्टेज ६ च्या साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ ऑक्टेनची अट होती. ई-२० मुळे ते ९५ पर्यंत जाते, असे पेट्रोलियम मंत्रालयाचे म्हणणे आहे.

तिसरा गुणधर्म पाण्याच्या ओढीचा. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. इथेनॉल मात्र हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. असे इंधन ओढले गेले तर इंजिन अडखळते किंवा सुरूच होत नाही. शिवाय इथेनॉल हे चांगले द्रावक असल्यामुळे जुन्या टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सुटा करून फिल्टरकडे नेते, आणि जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवते किंवा कडक करते.

आता जुन्या गाडीकडे वळू. ‘जुनी’ हा एकच वर्ग नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० ला टिकतील असे बनवले जाऊ लागले आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनेही त्यानुसार जुळवलेली आहेत. त्यापूर्वीच्या, परंतु इंजेक्शन पद्धतीच्या मोटारी, म्हणजे साधारणपणे २००० नंतरच्या बहुतेक पेट्रोल मोटारी, हा दुसरा वर्ग. या गाड्यांच्या धुराड्यात प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ झाल्याचे त्याला कळते आणि गाडी आपणहून थोडे अधिक इंधन सोडते. त्यामुळे ती नीट चालते. मात्र पेट्रोल अधिक लागते. तिसरा वर्ग कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा: जुन्या प्रीमियर, ॲम्बॅसेडर, पहिल्या पिढीतील मारुती, आणि एप्रिल २०२० पूर्वीच्या बहुसंख्य स्कूटर व मोटारसायकली. कार्ब्युरेटरला असा सेन्सर नसतो. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला केवळ ९ किलो. हा हिशेब कार्ब्युरेटरला कळत नाही. मिश्रण पातळ राहते, इंजिन थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते आणि चालताना अधिक तापते. जाणता कारागीर जेट व मिश्रणाचा स्क्रू जुळवून हे बरेचसे सुधारू शकतो.

आता वही उघडण्याची वेळ. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात दिलेला अंदाज असा: जी चारचाकी मुळात बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनलेली व १० टक्क्यांसाठी जुळवलेली आहे, तिचे ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटते, तशा दुचाकीचे ३ ते ४ टक्के, आणि जी चारचाकी १० टक्क्यांसाठी बनलेली व २० टक्क्यांसाठी जुळवलेली आहे, तिचे १ ते २ टक्के.

एखाद्या कुटुंबाची २०१२ सालची मोटार लिटरला १५ किलोमीटर जात होती आणि महिन्याला १,००० किलोमीटर फिरते, असे धरू. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोलचा भाव १०० रुपये मानला तर पूर्वी महिन्याला ६,६६७ रुपये लागत. ६ टक्के घट झाली की ॲव्हरेज १४.१ होते आणि खर्च ७,०९२ रुपये. महिन्याचा फरक ४२५ रुपये, वर्षाचा सुमारे ५,१०० रुपये. यातील साधारण निम्मी तूट १० टक्के मिश्रणानेच आणली होती. ती कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्या, लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरचा फरक महिन्याला चाळीसेक रुपयांचा येतो.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. एक, ही तूट खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा, ज्याच्या गाडीचे ॲव्हरेज वीस-पंचवीस टक्क्यांनी घसरले आहे, त्याने सारा दोष इथेनॉलवर टाकू नये. वीस टक्के इथेनॉलमधील ऊर्जेच्या तुटीने एवढी घसरण होऊ शकत नाही. तेव्हा टायरमधील हवा, तुंबलेला एअर फिल्टर, जुने स्पार्क प्लग, चिकटलेला ब्रेक किंवा निकामी झालेला प्राणवायूचा सेन्सर तपासावा. रोग एक आणि औषध दुसरे, असा व्यवहार परवडत नाही.

गाडी विकण्याच्या घाईलाही याच वहीत उत्तर आहे. सुस्थितीतील जुनी मोटार केवळ ई-२० च्या धास्तीने काढून आठ लाखांची नवी गाडी पाच वर्षांच्या कर्जाने घेतली, तर ९ टक्के दराने पहिल्या वर्षीचे व्याजच साठ हजार रुपयांच्या पुढे जाते. पाच हजारांची तूट वाचवण्यासाठी साठ हजारांचे व्याज भरणे याला कोणतीही पेढी नफा म्हणणार नाही. परिग्रह-परिमाण व्रताचा विचार या ठिकाणी व्यवहाराच्या विचाराशी तंतोतंत जुळतो: जी वस्तू अजून काम देते ती जतन करावी. गाडीचे पत्रे कुजले असतील, सुरक्षिततेची साधने अपुरी असतील, नोंदणीचे नूतनीकरण होत नसेल, तर बदलण्याची ती स्वतंत्र आणि रास्त कारणे आहेत.

महागड्या पेट्रोलविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक शक्ती, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ऑक्टेन हे ऊर्जेचे माप नव्हेच. ज्या इंजिनात दाब जास्त असतो, टर्बो असतो, त्याला वरच्या ऑक्टेनची गरज भासते. जुन्या साध्या इंजिनाला ते पेट्रोल पाजणे म्हणजे रोजच्या वरणाला केशर घालणे. काही ‘प्रीमियम’ पेट्रोलांत केवळ इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने असतात. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये देशात आले तेव्हा त्याचा भाव लिटरला सुमारे १६० रुपये होता. महाग म्हणजे इथेनॉलविरहित, हेही गृहीत धरू नये; त्यातील इथेनॉलचे प्रमाण विचारल्यावाचून असे पेट्रोल घेऊ नये. रोजच्या वापराच्या गाडीसाठी सहा टक्क्यांची तूट टाळायला दीडपट दाम मोजणे हिशेबात बसत नाही. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या, हौसेने जपलेल्या जुन्या गाडीची गोष्ट निराळी.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आले. जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचे पेट्रोल वरच्या दर्जात उपलब्ध ठेवले गेले, आणि पंपावर तशी चिठ्ठी असते. ब्राझीलमध्ये साध्या पेट्रोलमध्येच ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के इथेनॉल आहे. शिवाय तेथे निव्वळ इथेनॉलही वेगळ्या भावाने मिळते आणि दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या २००३ पासून आहेत. तेथील वाहनचालकांचा साधा आडाखा असा, की इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरावे. हा आडाखा म्हणजे लिटरच्या भावाचे किलोमीटरच्या भावात केलेले रूपांतर होय. आपल्याकडे तुलनेसाठी असा दुसरा नळ सहसा मिळत नाही, हा मुख्य फरक.

आणि भावाचा प्रश्न येथेच उभा राहतो. शुद्ध पेट्रोल १०० रुपये मानले तर तितक्याच अंतरासाठी ई-२० चा न्याय्य भाव सुमारे साडेत्र्याण्णव रुपये ठरतो. कमी उष्णतेची भरपाई म्हणून अशा इंधनाची किरकोळ किंमत कमी असावी, अशी शिफारस नीती आयोगाच्या त्याच अहवालात होती. त्यावर मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेले उत्तर असे, की अहवाल तयार झाला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते. नंतर खरेदीचे दर वाढत गेले आणि २०२४-२५ च्या हंगामात सरासरी खरेदी खर्च वाहतूक व करासह लिटरला ७१.३२ रुपये झाला, जो शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलच्या मूळ खर्चाहून अधिक आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

या धोरणाची जमेची बाजूही वहीत लिहिली पाहिजे. खनिज तेलासाठी परदेशात जाणारे चलन वाचते. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत कारखान्यांच्या हाती साखरेखेरीज उत्पन्नाचे दुसरे साधन आले आणि ऊस उत्पादकांची देणी चुकती करायला त्याची मदत झाली. या भागातील बाजारपेठ, किराणा, कापड, सोने, सारे काही उसाच्या बिलावर हलते, हे तेथील व्यापाऱ्यांना सांगायला नको. खर्चाच्या बाजूला मात्र पाणी आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या अहवालातच म्हटले आहे. पाण्याकडे अप्काय जीव म्हणून पाहणाऱ्या समाजाने हा आकडा विसरू नये. पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर सरकारलाच निर्बंध घालावे लागले होते.

श्रावकाच्या बारा व्रतांत अचौर्य अणुव्रत आहे आणि तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी मापे वापरणे हा त्यांपैकी एक. अस्सल मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळून तो अस्सल म्हणून विकणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा दुसरा. इथेनॉलचे मिश्रण प्रतिरूपक व्यवहारात मोडत नाही. ते जाहीर धोरण आहे आणि त्याला भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे. पंपचालकही त्यात दोषी नाही. परंतु त्या अतिचारामागचा विचार स्पष्ट आहे: घेणाऱ्याला मालाचे खरे स्वरूप कळले पाहिजे. मिश्रण आणि भेसळ यांत सांगण्याचाच फरक असतो. समाजातील ज्या कुटुंबांचे पेट्रोल पंप आहेत, त्यांनी इथेनॉलचे प्रमाण ठळक अक्षरांत लावावे. ज्यांचा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आहे, त्यांनी गाडी कोणत्या मिश्रणासाठी बनली आहे आणि इंधनाच्या नळ्या बदलल्या आहेत की नाहीत, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे. गॅरेजवाल्यांनी धास्तीचा फायदा घेऊन अनावश्यक सुटे भाग माथी मारू नयेत. एवढ्याने गिऱ्हाईक तुटत नाही. उलट पिढ्यान्‌पिढ्या जोडले जाते.

घरच्या गाडीसाठी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. गाडीची पुस्तिका आणि टाकीच्या झाकणाआतील चिठ्ठी वाचावी. वॉरंटी चालू असलेल्या २०२३ पूर्वीच्या गाडीबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे मंत्रालयानेच म्हटले आहे. तेव्हा प्रत्येक सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या, ओ-रिंग आणि सांधे हात लावून तपासून घ्यावेत. नळी फुगलेली, चिरलेली, चिकट झालेली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर विलंब करू नये. गळते पेट्रोल आणि तापलेले इंजिन यांची गाठ पडली तर आग लागते. ई-२० वापरणे सुरू केल्यानंतर इंधन फिल्टर एकदा लवकर बदलावा. ई-२० मुळे विमा रद्द होतो, ही चर्चा निराधार असल्याचा खुलासा झालेला आहे.

पावसाळ्याची काळजी वेगळी. चातुर्मासात अनेक श्रावक प्रवासाची मर्यादा घालून घेतात आणि गाडी दिवसेंदिवस उभी राहते. नेमका तोच काळ दमट हवेचा. अर्ध्या रिकाम्या टाकीतील हवेतून ओलावा शिरतो. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवावी, झाकणाचे रबर धड आहे याची खात्री करावी, आणि पंधरवड्यातून एकदा गाडी पुरेशी तापेपर्यंत चालवावी. कार्ब्युरेटरच्या स्कूटरचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधील इंधन संपू द्यावे. मुसळधार पावसानंतर, पंपाच्या आवारात पाणी साचलेले दिसल्यास, त्या दिवशी तेथे टाकी भरू नये. शंका आल्यास पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप, घनता आणि फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. तो मागण्यात संकोच कशाचा?

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र वहीचे. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर बसले ते लिहावे, आणि चाललेल्या किलोमीटरने रकमेला भागावे. असे चार-पाच वेळा केले की त्या गाडीचा प्रतिकिलोमीटर खरा भाव हाती येतो. पुढे मिश्रण बदलो, भाव बदलो, किंवा नवी गाडी घेण्याचा विचार मनात येवो, निर्णय घेताना हाच आकडा उपयोगी पडतो. घराघरांतील मुलांना हिशेबाची गोडी लावण्यासाठीही ही वही उत्तम आहे. येत्या वहीपूजनाला रोजमेळाशेजारी गाडीच्या हिशेबाची एक छोटी वही ठेवण्यास कोणतीच हरकत नाही.